माओवाद म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोलीची बातमी आली किंवा एमपीएससीच्या अभ्यासात अंतर्गत सुरक्षा हा टॉपिक आला की माओवादाबद्दल तेच तेच प्रश्न येतात, आणि उत्तरं बहुतेक वेळा दोन टोकांची मिळतात, एक तर माओ म्हणजे गरिबांचा देव नाहीतर नुसता राक्षस. मला दोन्ही पटत नाही. हा विचार शेतकऱ्याच्या नावाने उभा राहिला ना, मग त्याला शेतकऱ्याच्याच बाजूने तपासूया, म्हणजे त्याने शेतकऱ्याला काय दिलं, त्याच्याकडून काय घेतलं आणि शेतकऱ्याला "नाही" म्हणायची सोय ठेवली का. खालची उत्तरं त्याच हिशेबाने लिहिली आहेत.

माओवाद म्हणजे थोडक्यात काय?

मार्क्स आणि लेनिनचा कम्युनिझम चीनसारख्या शेतीप्रधान, गरीब, परकीयांनी लुटलेल्या देशात कसा राबवायचा याचं माओ झेडाँगने काढलेलं उत्तर. क्रांतीची ताकद शहरातला कामगार नाही तर खेड्यातला गरीब शेतकरी, खेडी ताब्यात घेत घेत शहरांना वेढा घालायचा, ही लढाई अनेक वर्षं चालणार हे धरूनच उतरायचं, सगळं पार्टीच्या हुकमतीखाली चालायचं, आणि सत्ता आल्यावरही वर्गसंघर्ष संपत नाही म्हणून तो चालूच ठेवायचा. यातला शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि खरं तर पुढचं बरंच नुकसान त्यातूनच झालं.

खुद्द चीनची पार्टी याला "माओ झेडाँग विचार" म्हणते, १९४५ च्या सातव्या काँग्रेसमध्ये तो पार्टीच्या घटनेत आला. "माओवाद" हा शब्द बाहेरच्या पार्ट्यांनी जास्त उचलला.

पण मार्क्स तर कामगारांबद्दल बोलत होता, मग शेतकरी मध्येच कुठून आले?

नाइलाजातून आले असं म्हटलं तरी चालेल. चिनी कम्युनिस्ट पार्टी १९२१ च्या जुलैमध्ये शांघायमध्ये स्थापन झाली, जेमतेम डझनभर प्रतिनिधी होते, माओ त्यातला एक. हुनान प्रांतातल्या शाओशानच्या बऱ्यापैकी खात्यापित्या शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म २६ डिसेंबर १८९३, काही काळ पेकिंग विद्यापीठाच्या लायब्ररीत साधा मदतनीस होता. सुरुवातीला पार्टीचं सगळं लक्ष शहरातल्या कामगारांवर, आणि मॉस्कोच्या सल्ल्याने च्यांग कै शेकच्या राष्ट्रवादी पक्षाशी युती. मग १२ एप्रिल १९२७ ला च्यांगने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल सुरू केली आणि शहरातली संघटना अक्षरशः कापून निघाली.

त्याच्या थोडंच आधी माओ हुनानच्या गावांमध्ये फिरून आला होता आणि शेतकरी जमीनदारांविरुद्ध कसे उठतायत याचा रिपोर्ट त्याने मार्च १९२७ मध्ये लिहिला होता. जमीनदारांना कागदाच्या उंच टोप्या घालून गावातून फिरवणं, त्यांची धान्याची कोठारं फोडणं, हे सगळं त्याने पाहिलं होतं आणि त्याला ते योग्य वाटलं. क्रांती म्हणजे मेजवानी नव्हे हे त्याचं प्रसिद्ध वाक्य त्याच रिपोर्टमधलं. पुढे कागदी टोपी घालून धिंड काढायची हीच पद्धत चाळीस वर्षांनी मास्तरांवर आणि प्राध्यापकांवर वापरली गेली, ते खाली येईलच.

"सत्ता बंदुकीच्या नळीतून येते" असं माओ खरंच म्हणाला होता का?

हो. १९२७ च्या ऑगस्टमधल्या पार्टीच्या तातडीच्या बैठकीत त्याने हा मुद्दा मांडला आणि १९३८ मध्ये परत मांडला. दुसऱ्या वेळी लगेच पुढे जोडलं की बंदुकीवर पार्टीचा हुकूम चालला पाहिजे, पार्टीवर बंदुकीचा नाही. चीनचं सैन्य आजही देशाच्या सरकारचं नसून पार्टीचं आहे, त्याचं मूळ इथे आहे.

लाँग मार्चचं एवढं कौतुक का?

कारण पार्टी संपता संपता वाचली. च्यांगच्या फौजांनी च्यांगशी प्रांतातला कम्युनिस्टांचा तळ चहूबाजूंनी आवळला तेव्हा ऑक्टोबर १९३४ मध्ये साधारण ८६ हजार माणसं तिथून निसटली, आणि वर्षभर डोंगर, दलदल, नद्या ओलांडत शेन्शी प्रांतात पोचली तेव्हा माओबरोबरचे सात-आठ हजारच उरले होते. वाटेत जानेवारी १९३५ ला त्सुन्यी इथे बैठक झाली आणि माओचं वजन वाढलं. पुढे येनानमध्ये, म्हणजे शेन्शीतल्या आपल्या नव्या तळावर, जी पार्टी घडली ती याच वाचलेल्या लोकांची, आणि आपण मरणातून आलोय ही भावना त्यांच्यात खोल होती.

दीर्घकालीन लोकयुद्ध म्हणजे काय?

कमजोर बाजूने ताकदवान शत्रूशी कसं लढायचं याची ही पद्धत, आणि माओच्या विचारातला जगभर सगळ्यात जास्त कॉपी झालेला भाग हाच. १९३८ मध्ये जपानशी युद्ध चालू असताना त्याने तीन टप्पे मांडले: आधी नुसतं टिकून राहायचं, मग दोन्ही बाजू अडकून पडतील असा मधला लांबलचक काळ, आणि शेवटी उलटा हल्ला. गनिमी काव्याचं सूत्र त्याआधीचं आहे, शत्रू पुढे आला की मागे हटा, त्याने तळ ठोकला की त्याला सतावा, तो थकला की हल्ला करा, तो पळाला की पाठलाग करा.

पण हे चालायचं कधी, तर गावकरी तुमच्या बाजूने असतील तेव्हाच. म्हणून लाल सैन्याला कडक नियम होते, लोकांची सुई किंवा दोऱ्याचा तुकडासुद्धा घ्यायचा नाही, उसनं घेतलं ते परत करायचं, रात्री झोपायला कुणाच्या दाराची फळी काढली तर सकाळी ती परत बसवून निघायचं. आधीची सैन्यं गावात शिरली की कोंबड्या, धान्य, बायका काहीच सुरक्षित नसायचं, त्यामुळे गावकऱ्यांना हा फरक लगेच दिसला. मला तर वाटतं चीन कम्युनिस्टांकडे गेला त्यात थिअरीपेक्षा या दाराच्या फळीचा वाटा मोठा होता.

"जनतेकडून घ्या, जनतेकडे न्या" ही मास लाइन म्हणजे एक प्रकारची लोकशाहीच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर. मास लाइन म्हणजे कार्यकर्त्याने लोकांत राहायचं, त्यांचं विखुरलेलं म्हणणं गोळा करायचं, पार्टीने त्यातून धोरण बनवायचं आणि ते लोकांना पटेल असं परत न्यायचं. ऐकायला छान आहे, आणि येनानच्या काळात काही प्रमाणात खरंही होतं, कारण तेव्हा पार्टीला शेतकऱ्याची गरज होती, तो नाराज झाला तर जपान्यांच्या आणि च्यांगच्या तावडीत सापडायची भीती होती.

पण लोकांच्या म्हणण्याचा अर्थ काय हे ठरवणार कोण, तर पार्टी. लोक म्हणाले "हे आम्हाला नको" तर काय करायचं याचं उत्तर मास लाइनमध्ये नाहीच, उलट असं म्हणणारा लगेच "वर्गशत्रू" किंवा "मागासलेला" ठरतो. हे सत्ता आल्यावर बिघडलं असंही नाही, १९४२ च्या येनानमधल्या शुद्धीकरण मोहिमेतच दिसलं. वांग शिवेई नावाच्या लेखकाने पार्टीतल्या वरच्या लोकांना वेगळं जेवण आणि वेगळे कपडे मिळतात यावर लेख लिहिला, त्याच्यावर जाहीर सभांतून आरोप झाले, त्याला अटक झाली आणि १९४७ मध्ये मारून टाकलं. पुढे १९५६-५७ मध्ये "शंभर फुलं फुलू द्या" म्हणत बुद्धिवंतांना टीका करायला सांगितलं, लोकांनी ती केली, आणि लगेच उजव्यांविरुद्धची मोहीम काढून पाच लाखांहून जास्त लोकांवर शिक्का मारला, नोकऱ्या गेल्या, कित्येकांना श्रमछावण्यांत पाठवलं.

त्यामुळे माझं उत्तर स्पष्ट आहे, लोकांचं ऐकणं आणि लोकांना नकाराचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माओवादात दुसरी कधीच नव्हती.

माओने चीनचं काहीच भलं केलं नाही का?

केलं की, आणि ते मान्य न करता या विषयावर बोलणं म्हणजे लबाडी. १९५० च्या विवाह कायद्याने जबरदस्तीची लग्नं आणि बालविवाह बंद केले, बाईला घटस्फोटाचा हक्क दिला. जमीन वाटपात कोट्यवधी भूमिहीनांना जमीन मिळाली (त्याच वेळी जमीनदार म्हणून लाखो लोक जाहीर सभांत मारले गेले, हेही त्याच मोहिमेचा भाग). साक्षरता वाढली, लसीकरण झालं, खेड्यातल्याच तरुणांना थोडं ट्रेनिंग देऊन "अनवाणी डॉक्टर" तयार केले. १९४९ च्या सुमारास सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आत होतं ते माओ गेला तेव्हा साधारण ६५ च्या आसपास होतं. भारत तेव्हा बराच मागे होता.

ग्रेट लीप फॉरवर्डमध्ये एवढी माणसं उपाशी कशी मेली? दुष्काळ होता ना?

हवामान काही ठिकाणी वाईट होतं पण तेवढ्याने असं होत नाही. १९५८ मध्ये माओने ठरवलं की काही वर्षांत ब्रिटनला गाठायचं, त्यासाठी एका वर्षात पोलादाचं उत्पादन दुप्पट, म्हणजे १ कोटी ७ लाख टन करायचं. गावागावात मातीच्या भट्ट्या पेटल्या, घरातली भांडी, कढया, दाराच्या कड्या वितळवल्या, जंगलं तोडून जाळली आणि हाती आलं ते बहुतेक निकामी लोखंड. पीक कापणीला आलेलं असताना माणसं भट्टीवर, त्यामुळे धान्य शेतातच सडलं. त्याच काळात सगळी शेती कम्यूनमध्ये, म्हणजे अनेक गावांच्या एकत्र सामुदायिक संस्थेत गेली, वर्षाअखेर देशभर सुमारे २६ हजार कम्यून झाले, घरची चूल बंद, सगळ्यांनी सामुदायिक खानावळीत जेवायचं. म्हणजे घरात ना धान्य, ना भांडं.

मग आकड्यांची चढाओढ लागली. एका कम्यूनने एकरी उत्पन्न वाढवून सांगितलं की शेजारचा त्याच्यावर कडी करणार, कारण कमी सांगितलं तर "उजव्या विचाराचा" म्हणून धिंड. ऑगस्ट १९५८ मध्ये हुबेई प्रांतातल्या माचंगमध्ये भाताचं पीक इतकं दाट आलंय की त्यावर पोरं उभी राहतात असा फोटो पार्टीच्या पेपरात छापून आला, प्रत्यक्षात दुसऱ्या शेतातली रोपं उपटून एका जागी खच्चून लावली होती. आणि सरकारी वसुली ठरायची ती या फुगवलेल्या आकड्यांवर! १९५८ मध्ये देशाचं धान्य साधारण २० कोटी टन होतं, ते १९५९ मध्ये १७ कोटींवर आणि १९६० मध्ये साडेचौदा कोटींच्याही खाली आलं, तरी वसुली चालूच, आणि १९५९ मध्ये तर ४० लाख टनांहून जास्त धान्य चीनने निर्यात केलं.

हनान प्रांतातल्या शिन्यांग भागात तर धान्य लपवलंय म्हणून शेतकऱ्यांना मारझोड झाली, गाव सोडून भीक मागायलाही जाऊ देईनात, रस्त्यांवर पहारे बसवले, मदत मागणारी पत्रं पोस्टातच अडवली. एकट्या त्या भागात सुमारे दहा लाख माणसं मेली असा अंदाज आहे. देशभरातले अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास धरतात.

यांग जिशेंग नावाचे शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेचे पत्रकार होते, त्यांचं बघा. १९५९ मध्ये ते शाळेत होते, शाळेच्या भित्तिपत्रकात ग्रेट लीपच्या बाजूने लिहायचे. वडील उपाशी आहेत असा निरोप आला म्हणून वाट्याचा तांदूळ घेऊन घरी गेले तर दारातल्या एल्मच्या झाडाची सगळी साल सोललेली, लोकांनी खाल्ली होती. वडिलांना तांदूळ शिजवून दिला पण तो गिळवेना, तीन दिवसांत ते गेले. आणि त्या पोराला तेव्हा हे आपल्या घरापुरतं दुर्दैव वाटलं, सरकारशी त्याचा संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही! पुढे म्हातारपणी त्यांनी प्रांतोप्रांतीचे दप्तरखाने धुंडाळून या उपासमारीचा इतिहास लिहिला, तो २००८ मध्ये हाँगकाँगमध्ये छापला गेला, चीनमध्ये त्यावर बंदी आहे.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ आठवणारे लोक अजून आहेत, सुकडी आणि मिलो खाऊन, रस्त्यावर खडी फोडून दिवस काढलेले. हाल खूप झाले, पण पेपर लिहीत होते, मोर्चे निघत होते, विधानसभेत प्रश्न येत होते, आणि सरकारला दुष्काळी कामं काढावीच लागली. अमर्त्य सेन यांचा मुद्दा हाच आहे की जिथे पेपर आणि निवडणुका आहेत तिथे असा महाभयंकर भूकबळी लपत नाही, आणि तेच सेन हेही सांगतात की भारतात रोजच्या कुपोषणाने जी माणसं गुपचूप मरत राहिली त्यांचा आकडाही प्रचंड आहे. दोन्ही ऐकायला हवं.

तेव्हा पार्टीत कुणीच बोललं नाही का?

बोलले. संरक्षणमंत्री फंग दहुआई, स्वतः हुनानच्या गरीब घरातले आणि कोरियन युद्धातले सेनापती, यांनी जुलै १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत माओला खाजगी पत्र लिहून चुका सांगितल्या. माओने ते पत्रच छापून सगळ्यांना वाटलं, फंगना पदावरून काढलं, आणि परत नव्याने मोहीम सुरू झाली म्हणून उपासमार आणखी लांबली. १९६२ च्या मोठ्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांनी हुनानच्या शेतकऱ्यांचं म्हणणं सांगितलं, तीन हिस्से निसर्ग आणि सात हिस्से माणसाची करणी. माओने ते विसरलं नाही. लिऊ १९६९ मध्ये कैफंग इथे कैदेत, औषधोपचाराविना मेले आणि फंग १९७४ मध्ये.

चिमण्या मारल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९५८ मध्ये उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या हे चार उपद्रवी जाहीर केले. लोक थाळ्या, डबे बडवत राहायचे म्हणजे चिमण्यांना कुठेच बसता येऊ नये आणि थकून खाली पडाव्यात. चिमण्या गेल्या, पिकावरची कीड वाढली, मग १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला.

सांस्कृतिक क्रांती म्हणजे काय होतं?

१९६६ ते १९७६. ग्रेट लीपनंतर बाजूला पडलेल्या माओने पार्टीतच भांडवलशाहीकडे जाणारे लोक घुसलेत असं म्हणत थेट तरुणांना त्यांच्यावर सोडलं, हे शाळा-कॉलेजातले रेड गार्ड. कारणात सत्तेचं राजकारण होतंच पण नुसतं तेवढंच नव्हतं, क्रांती झाली तरी नवीन साहेब तयार होतात ही माओची भीती खरी होती आणि त्यात तथ्यही होतं. पण उपाय काय केला बघा. ५ ऑगस्ट १९६६ ला बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका ब्येन झोंगयुन यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारहाण करून ठार केलं. त्याच दिवशी माओने "मुख्यालयावर तोफा डागा" हे आपलं पोस्टर लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत हे घरोघर पोचलं, पुस्तकं जाळली, देवळं फोडली, मास्तरांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढवून धिंडी काढल्या.

मग रेड गार्डच आपापसात लढायला लागले तेव्हा सैन्य आणलं आणि शहरातली साधारण १ कोटी ७० लाख तरुण पोरं "शेतकऱ्यांकडून शिकायला" खेड्यात पाठवली. त्यात शी जिनपिंगही होते, १९६९ मध्ये पंधराव्या वर्षी शेन्शीतल्या ल्यांगज्याहे गावात. कॉलेजची प्रवेशपरीक्षा थेट १९७७ मध्ये परत सुरू झाली, म्हणजे एका अख्ख्या पिढीचं शिक्षण गेलं. मेलेल्यांचे अंदाज पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत.

मग आज चीन माओवादी आहे का?

नाही, पण माओला सोडलेलंही नाही. ९ सप्टेंबर १९७६ ला माओ गेला, महिनाभरात त्याची बायको ज्यांग चिंग आणि तिचे साथीदार म्हणजे "चौकडी" अटकेत, आणि १९७८ पासून डंग श्याओपिंगने शेती परत कुटुंबांकडे सोपवली, बाजार खुला केला. १९८१ मध्ये पार्टीने ठराव करून सांस्कृतिक क्रांती ही मोठी चूक होती असं लिहून दिलं आणि माओचं काम आधी, चुका नंतर असं ठरवलं. फोटो तिआनआनमेनवर आणि नोटांवर आहे, पण कामगारांच्या बाजूने उभे राहिलेल्या माओवादी विचाराच्या विद्यार्थ्यांना २०१८ मध्ये शेनझेनमधल्या ज्यासिक कारखान्याच्या प्रकरणात याच सरकारने पकडलं.

जगात हा विचार कुठे कुठे गेला?

१९६० च्या दशकात चीनचं रशियाशी फाटलं, आणि रशियन पार्टी आता मऊ पडली असं ज्यांना वाटत होतं ते सगळे चीनकडे बघायला लागले. पॅरिसच्या विद्यार्थ्यांपासून कॅलिफोर्नियात माओच्या वचनांचं लाल पुस्तक विकणाऱ्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेपर्यंत, पण तिथे तो बराचसा बंडाचा एक झेंडा होता.

खरी किंमत पेरूने मोजली. आयाकुचोच्या विद्यापीठातला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक अबिमाएल गुझमान, त्याची संघटना "शायनिंग पाथ". देशात बारा वर्षांच्या लष्करी राजवटीनंतर निवडणूक होत होती, नेमक्या त्याच वेळी १७ मे १९८० ला चुस्ची गावात त्यांनी मतपेट्या जाळून युद्ध सुरू केलं. गुझमान १९९२ मध्ये लिमात पकडला गेला. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये सुमारे ६९ हजार मृत आणि बेपत्ता असा अंदाज दिला, निम्म्याहून जास्त मृत्यूंना शायनिंग पाथ जबाबदार, बाकीच्यात सैन्याचा मोठा वाटा, आणि मेलेल्यांत चारातले तीन केचुआसारखी मूळची भाषा बोलणारे गरीब शेतकरी. ज्यांच्यासाठी युद्ध तेच.

नेपाळचं वेगळं झालं. फेब्रुवारी १९९६ मध्ये रोल्पा-रुकुमच्या डोंगरांतून सुरुवात, दहा वर्षांत सुमारे १७ हजार बळी, पण २००६ मध्ये माओवाद्यांनी शांतता करार केला, २००८ ची निवडणूक लढवून सगळ्यात मोठा पक्ष झाले, राजेशाही गेली आणि त्यांचे नेते "प्रचंड" पंतप्रधान झाले. त्यांच्या कारभाराबद्दल नेपाळी लोक नाराज आहेत पण ते मत देऊन बदलू शकतात, मला हा फरक फार मोठा वाटतो. फिलिपिन्समध्ये १९६९ पासूनची न्यू पीपल्स आर्मी अजून पूर्ण संपलेली नाही. कंबोडियाच्या ख्मेर रूजने माओकडून बरंच घेतलं आणि चीनची मदतही घेतली, पण शहरंच रिकामी करणं हे त्यांचं स्वतःचं वेड होतं.

नक्षलवाद आणि माओवाद एकच का?

नक्षलवाद हे माओवादाचं भारतातलं रूप. मे १९६७ मध्ये पश्चिम बंगालच्या नक्षलबारीत कुळांचा उठाव झाला, २५ मेच्या पोलीस गोळीबारात ११ जण मेले त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. चीनच्या पेपराने याला भारतावरचा वसंतातला गडगडाट म्हटलं. चारू मजुमदार, कानू सन्याल यांनी १९६९ मध्ये भाकप (माले), म्हणजे मार्क्सवादी-लेनिनवादी कम्युनिस्ट पार्टी काढली. "चीनचे चेअरमन तेच आमचे चेअरमन" ही त्यांची घोषणा, जी चिनी नेत्यांनाही पटली नाही, तसं चीनचे पंतप्रधान चौ एनलाय यांनी १९७० मध्ये भारतातून गेलेल्या प्रतिनिधीला सांगितलंसुद्धा. पुढे शंभर तुकडे झाले, त्यातले पीपल्स वॉर आणि एमसीसीआय हे दोन गट २१ सप्टेंबर २००४ ला एक झाले आणि भाकप (माओवादी) तयार झाली. सगळे नक्षली गट बंदूकवाले नाहीत, भाकप (माले) लिबरेशन बिहारमध्ये निवडणुका लढवतो, आमदार-खासदार निवडून आणतो.

गडचिरोलीतच का रुजला?

१९८० च्या सुमारास दलमं म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकड्या आंध्रातून नदी ओलांडून सिरोंच्यात आली तेव्हा माडिया-गोंड माणसाची अवस्था काय होती ते आधी बघायला हवं. आपल्याच जंगलातून लाकूडफाटा आणला तर फॉरेस्ट गार्डला कोंबडा नाहीतर पैसे द्यायचे, दिवसभर तेंदूपत्ता तोडून पुडक्याला ठेकेदार देईल ते घ्यायचं, बांबूतोडीची मजुरी तशीच. दादालोकांनी म्हणजे दलमवाल्यांनी ठेकेदाराला धमकावून रेट वाढवून घेतले, गार्डाचा त्रास थांबवला, लोकांना हे आवडलं, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण मग तेच, "नाही" म्हणायची सोय नाही. पोलिसांशी बोलला, भरतीला गेला, किंवा नुसता संशय आला की खबऱ्या म्हणून रात्री घरातून उचलून नेणार आणि सकाळी रस्त्यावर प्रेत आणि वर चिठ्ठी. मारणारे आदिवासी, मरणारे आदिवासी, आणि ज्यांना सुरुंगाने उडवलं ते सी-६० या पोलिसांच्या कमांडो पथकाचे जवानही बहुतेक याच जिल्ह्यातल्या गावांचे. दुसरीकडे माओवाद्यांना जेवण दिलं म्हणून पोलिसांचा मार खाणारेही तेच गावकरी.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. तिथे निर्णय बहुमताने नाही तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा करून होतो, एकाने अडवलं तर थांबायचं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तरी वनखातं बांबू वाहतुकीचा पास देईना, त्यासाठी भांडत राहिले आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात येऊन पासबुक द्यावं लागलं. तेव्हापासून बांबू ग्रामसभा विकते. एक गोळी न चालवता. मास लाइन म्हणून माओ जे सांगत होता ते मला खऱ्या अर्थाने इथे दिसतं.

डॉ. कोटणीस माओवादी होते का?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस थांबले, आघाडीवर ऑपरेशनं केली, बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पार्टीत आले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. माओने स्वतः श्रद्धांजली लिहिली. म्हणजे पार्टीचे सभासद होते, पण ती येनान काळातली, जपानशी लढणारी पार्टी होती. त्यांना आजच्या अर्थाने माओवादी म्हणणं मला चुकीचं वाटतं आणि त्यांच्यावर अन्याय करणारंही.

माओ वाचणं भारतात गुन्हा आहे का?

वाचणं किंवा विचार पटणं हा गुन्हा नाही, केरळ हायकोर्टाने २०१५ मध्ये माओवादी असणं एवढ्याने गुन्हा होत नाही असं म्हटलंय. पण भाकप (माओवादी) वर २००९ पासून यूएपीए कायद्याखाली बंदी आहे, आणि बंदी असलेल्या संघटनेचं नुसतं सभासदत्वही गुन्हा आहे असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं. घरात पुस्तक सापडलं म्हणून माणूस माओवादी ठरवायची घाई जी चालते ती धोकादायक आहे, कारण विचार न वाचता त्याला उत्तर कसं देणार?

आता चळवळ संपली का?

बंदुकीची चळवळ जवळपास मोडली आहे. २१ मे २०२५ ला भाकप (माओवादी) चा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडच्या अबूझमाडमध्ये मारला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पॉलिटब्युरोचा भूपती साठेक साथीदारांना घेऊन गडचिरोलीत शरण आला, शस्त्र ठेवायची वेळ आलीय असं पत्रक त्याने आधीच काढलं होतं.

ज्यातून हे सुरू झालं ते प्रश्न मात्र जागेवर आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण आहे, २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथले सत्तर-ऐंशी ट्रक जाळले होते, आता पोलीस बंदोबस्तात खनिजाच्या गाड्या चालू आहेत. तिथे स्थानिकांना कामंही मिळाली आहेत आणि रस्त्यावरच्या लाल धुळीची तक्रारही आहे. त्या डोंगरावर इलाक्यातल्या लोकांचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत जत्रा भरते, आणि अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोधाचे ठराव केलेत, कायद्याने, सह्या करून, बंदूक न घेता. त्या ठरावांचं पुढे काय होतं ते बघा.